पट्टीत दिसतं का हो, ताई?

आमच्या हॉस्पिटलात मला सगळे ‘पट्टीवाल्या ताई’ म्हणत. एवढ्या एका नावापायी नोकरीतला माझा बराच वेळ लोकांना परत पाठवण्यात गेला. कोयता लागलेला, ठेच लागून नख उपटलेला, कुत्र्यानं पोटरी फोडलेला असा जो कोणी येई, तो दारातल्या मामांना विचारी, “पट्टी कुठं करतात?” आणि मामा माझ्या खोलीकडे बोट दाखवत. तो माणूस रक्ताळलेला पाय माझ्या खाटेवर ठेवून मोठ्या विश्वासानं माझ्याकडे बघे. “दादा, ही ती पट्टी नव्हे, ही काळजाची पट्टी,” असं म्हटलं की आणखीच घाबरे. एकानं तर बायकोला आत बोलावून सांगितलं, “पायाचं काळजापतूर गेलंय बग.” उलट ज्याच्या खरोखर छातीत कळ यायची, तो ड्रेसिंगच्या खोलीबाहेर पायाला लागलेल्यांच्या रांगेत शहाण्यासारखा बसलेला सापडायचा.

तर मी ईसीजी काढणारी बाई. कर्जत-खोपोली रस्त्यावरच्या एका हॉस्पिटलात, कॅज्युअल्टीला लागून असलेल्या खोलीत माझी सगळी नोकरी झाली. कॅज्युअल्टी म्हणजे जे दारात धावतपळत येतं ते सगळं. हायवेवर गाडी उलटली तरी तिथंच, आणि हळदीच्या जेवणात हात सैल सुटला तरी तिथंच. त्यातलं ज्याचं छातीशी नातं, ते माझ्याकडे.

काम तसं सोपं आहे. माणसाला उताणं झोपवायचं. दोन मनगटं आणि दोन घोटे यांना चार चिमटे लावायचे, छातीवर थंड जेली लावून सहा रबरी फुगे चिकटवायचे आणि म्हणायचं, “हलू नका, बोलू नका, नेहमीसारखा श्वास घ्या.” असं सांगितल्याबरोबर माणूस नेहमीसारखा श्वास कसा घेतात तेच विसरतो, ही गोष्ट वेगळी. हृदय प्रत्येक ठोक्याला स्वतःच बारीकशी वीज तयार करतं, ती हे मशीन कागदावर रेघ काढून दाखवतं. माणूस घाबरून थरथरत असला तर त्या रेघेला केस फुटतात. आम्ही म्हणायचो, रेघेला दाढी आली. मग त्याच्याशी चार शब्द गोड बोलायचे, दाढी उतरली की पट्टी काढायची. थोडक्यात, निम्मं काम मशीनचं आणि निम्मं न्हाव्याचं.

मशीन वीज देत नाही, फक्त वाचतं, हे मी नोकरीभर सांगत आले आणि नोकरीभर ते कुणाला पटलं नाही. चिमटा बघितला की लोक म्हणत, “ताई, करंट जरा बारीकच ठेवा.” माथेरानच्या पायथ्याकडचे गणपतआबा मात्र उलट. त्यांना करंट हवाच असायचा. महिना-पंधरवड्यानं छातीवर हात ठेवून यायचे, पट्टी काढून झाली की टुणकन उठायचे आणि म्हणायचे, “झ्याक! आता जातील मोप दिस.” पट्टी त्यांची नेहमी स्वच्छ. एकदा मात्र उठले ते कुरकुरतच. “आज काय मजा नाय आली, ताई. लाईट कमी हाय का?” लाईट खरंच गेलेली होती, मशीन बॅटरीवर चाललं होतं. आता यावर काय बोलणार! मी म्हटलं, “आबा, बसा, लाईट आली की परत काढू.” ते तासभर बसले, वारलेल्या बायकोबद्दल बोलले, आणि लाईट यायच्या आधीच बरे होऊन गेले. आबांना कशाचा गुण येत होता ते मला तेव्हाच कळायला हरकत नव्हती.

आमच्या धंद्यात सगळ्यांत वाईट बातमी कुठली, असं विचाराल तर बाहेरचा माणूस म्हणेल, हार्ट अटॅक. चूक. सगळ्यांत वाईट बातमी म्हणजे ‘नॉर्मल’. रसायनीच्या एका कारखान्यातला गडी एकदा दुपारच्या वेळी टेंपोत घालून आणला. हातपाय गार, दरदरून घाम, “मी जातो, माझ्या पोरांना सांभाळा” असं म्हणत होता. सोबत सात-आठ कामगार, सगळ्यांचे चेहरे पडलेले. मी पट्टी काढली, कॅज्युअल्टीच्या डॉक्टरांनी बघितली, पुन्हा काढायला लावली, रक्त तपासलं. सगळं एकदम स्वच्छ. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, “काही नाही, नॉर्मल आहे. घरी न्या.” आनंदीआनंद व्हावा की नाही? पण कुणी टेंपोकडे वळेना. शेवटी त्यांच्यातला एक मोठा माणूस पुढे आला आणि हलक्या आवाजात म्हणाला, “सायब, नीट बगा ना. थोडं तरी असंल. अर्धी शिफ्ट सोडून आलोय आमी.” आतून तो मरणारा गडी ओरडला, “काय नाय म्हंजे? मग मी काय येडा हाय का?”

त्याचं बरोबरच होतं. घाम खोटा नव्हता, गार पडलेले हात खोटे नव्हते. पण ‘काय नाय’ या शब्दाचा आमच्या भागात एकच अर्थ होतो: हा नाटक करतोय. असा माणूस मान खाली घालून घरी जातो, घरचे आठ दिवस टोमणे मारतात आणि नवव्या दिवशी तो पुन्हा टेंपोत.

या पुन्हा पुन्हा येणाऱ्या मंडळींसाठीच आमच्याकडे शर्वरी मॅडम आल्या. मनाच्या आजारांच्या डॉक्टर, वयानं माझ्या भाचीएवढ्या, मुंबईहून आठवड्यातून दोन दिवस यायच्या. त्यांचा अभ्यास चालला होता: पट्टी स्वच्छ असूनही जी माणसं कॅज्युअल्टीत येतात, त्यांच्यात चिंतेचं किंवा नैराश्याचं दुखणं किती जणांना असतं, आणि ते वेळीच ओळखून औषधपाणी केलं तर काय फरक पडतो. मला आधी हे थेरच वाटले. मी म्हटलं, “मॅडम, इथं वाहतं रक्त थांबवायला हात पुरत नाहीत, तुम्ही लोकांना काय वाटतं ते विचारत बसणार?” त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, “ताई, पट्टी स्वच्छ आली म्हणजे हृदय ठीक आहे. माणूस ठीक आहे असं पट्टीनं कुठं म्हटलंय?” मला उत्तर सुचलं नाही, आणि मला उत्तर न सुचणं ही आमच्या घरी सांगितली तर कुणी विश्वास ठेवणार नाही अशी घटना आहे. वर त्या म्हणाल्या, “लोक तुमच्याशी बोलतात. प्रश्न तुम्ही विचारा.” म्हणजे हरभऱ्याच्या झाडावर चढवलं. चढले.

पहिलं विघ्न आलं ते संमतीचं. अभ्यासात भाग घ्यायचा तर कागदावर सही किंवा अंगठा लागतो. आता आमच्या कर्जत-खालापुरात फार्महाऊसवाल्यांच्या मागं लागून जमिनीच्या किती सह्या झाल्या आणि त्यांचं पुढं काय झालं, हे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. छातीत धडधड म्हणून आलेला म्हातारा सहीचं नाव काढताच ताडकन उठून बसायचा. “कुठला सर्वे नंबर हाय?” “आजोबा, जमिनीचं नाही, तुमच्या मनाचं आहे.” “मन माज्या एकट्याच्या नावावर हाय. भावाची सही लागायची नाय.” एकानं शर्वरी मॅडमना आपादमस्तक न्याहाळून मला कानात विचारलं, “एजंट का ह्या?” मॅडमनी ऐकलं आणि त्या दिवसापासून मला ‘काय भाव चाललाय आज?’ असं विचारत आत यायला लागल्या.

सही झालीच तर पुढे प्रश्न. ते कुठल्यातरी समितीनं शुद्ध मराठीत उतरवलेले होते. “आपणांस दैनंदिन कार्यांत निरुत्साह जाणवतो काय?” मी हे वाचलं की समोरची बाई माझ्याकडे अशी बघायची, जणू आमच्यातली आजारी मीच. एक आजी विचार करून म्हणाल्या, “नाय बा, ह्या नावाचं आमच्या आळीला कोन राहत नाय.” नैराश्याची तर भलतीच गत. “बीपी हाय, शुगर हाय. नैराश्य अजून तपासला नाय. उपाशीपोटी यायला लागंल का?”

मॅडम हसून हसून खुर्चीत वाकल्या, पण दुसऱ्या आठवड्यात समितीची रीतसर परवानगी काढून त्यांनी प्रश्न बदलून आणले. जीव घाबरा होतो का? कशात मन लागत नाही असं होतं का? कशाची गोडी वाटत नाही का? हे सगळ्यांना कळायला लागलं. फक्त गोडीच्या प्रश्नाला निम्मे लोक सांगत, “गोड डॉक्टरांनी बंद केलंय.”

नेरळच्या एका नव्या सोसायटीचे चेअरमन आले होते, त्यांची वेगळीच अडचण. मी विचारलं, “कशात मन लागत नाही असं होतं का?” ते म्हणाले, “आमच्या निम्म्या सभासदांचं मन लागत नाही. मीटिंगला कोरम होत नाही.” “तुमचं स्वतःचं विचारतेय, साहेब.” “माझं वैयक्तिक मत मी चेअरमन म्हणून देऊ शकत नाही.” अर्धा तास घालवल्यावर कळलं, की लिफ्टमध्ये एकदा अडकल्यापासून त्यांचा त्या लिफ्टच्या दाराशीच श्वास कोंडतो. सातव्या मजल्यावर रोज जिना चढून जातात आणि सोसायटीत व्यायामाचं महत्त्व सांगतात. एवढं बोलताना त्यांचे डोळे भरून आले. मग रुमाल काढून, घसा साफ करून म्हणाले, “हे मिनिट्समध्ये घेऊ नका.”

पण खरी अडचण होती ती ‘एकट्यानं’ या शब्दाची. प्रश्न पेशंटला एकट्यालाच विचारायचे, असा नियम होता. आमच्याकडे पेशंट एकटा नसतोच. पेशंट आडवा असतो आणि बाकीचं घर त्याच्या वतीनं उभं असतं. “जीव घाबरा होतो का गं?” असं सुनेला विचारलं की सासू म्हणते, “हिचा कशाला व्हतोय? हिच्यामुळं आमचा व्हतोय.” नवऱ्याला विचारलं की बायको सांगते. एका मुक्या-बहिऱ्या वाटणाऱ्या गृहस्थांची सगळी उत्तरं मेहुण्यानं दिली, शेवटी कळलं की गृहस्थांना उत्तम बोलता येतं, संधी मिळाली नव्हती.

यावर मी एक नामी युक्ती काढली. चिमटे लावले की गंभीर चेहऱ्यानं म्हणायचं, “ज्यांच्या खिशात मोबाईल आहे त्यांनी बाहेर जा, मशीनमध्ये गडबड होते.” क्षणात खोली रिकामी. फोन बाहेर ठेवून माणूस आत येऊ शकतो, हे आजतागायत कुणाला सुचलं नाही, कारण फोन सोडून माणूस राहत नाही. ही युक्ती कधी हुकली नव्हती. ती हुकवली ठमाबाईंनी.

ठमाबाई खालापूरकडच्या, डोंगराच्या अंगाच्या एका गावच्या. अंगानं काटक, आवाजानं खणखणीत. त्या सुनेला घेऊन यायच्या. सून वनिता, तिशीच्या आतबाहेरची. तिचा नवरा शिळफाट्यावरून टेंपो भाड्यानं चालवायचा आणि निम्मा महिना बाहेरच असायचा. वनिताला मध्येच छातीत धडधड व्हायची, हातापायांना मुंग्या यायच्या, बसल्या जागी घाम फुटायचा. आधी दोनदा येऊन गेल्या होत्या. दोन्ही वेळा डॉक्टरांनी नाडी, बीपी, छाती तपासून “तसं काही नाही, एकदा पट्टी काढून घ्या” म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा ही पोरगी माझ्या दारातूनच मागे फिरली होती. “आता बरं वाटतंय.” मग ठमाबाईंच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. “बरं वाटतंय? गाडी करून आनली, आनि दारात आल्यावर बरं वाटतंय? काय नाय म्हनतायत डागदर. नाटकं हायती नुसती!”

तिसऱ्यांदा आल्या तेव्हा मी वनिताला दारातच हाताला धरून आत घेतलं. शर्वरी मॅडमही होत्या. वनिता खाटेवर बसली, पण आडवी होईना. पदर दोन्ही हातांनी गळ्याशी घट्ट धरलेला. मला वाटलं लाजतेय. मी म्हटलं, “अगं, मी बाईच आहे. दार लावते.” ती मानेनंच नाही म्हणाली, आणि नजर सासूकडे.

मी घसा साफ केला. “मोबाईल असेल त्यांनी बाहेर जा, मशीनमध्ये गडबड होते.”

“माज्याकडं मोबाईल नाय,” ठमाबाई म्हणाल्या.

मी हार मानणारी नव्हे. “तसं नाही, अंगावर लोखंड असलं तरी चालत नाही.” ठमाबाईंनी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून टेबलावर ठेवला. “तांबं-पितळही नाही चालत.” हातातलं कडं निघालं. “सोनं?” त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सोनंसुद्धा. बुगड्या निघाल्या. मी इकडेतिकडे बघितलं आणि म्हटलं, “मिश्रीची डबी पत्र्याची दिसतेय.” डबी निघाली. माझ्या टेबलावर दुकान मांडलं गेलं, आणि ठमाबाई होत्या तिथंच उभ्या. “आता काय ऱ्हायलं? दातात चांदी भरलीय, ती काय मी उपटनार नाय.”

“अहो आजी, पण तुम्ही बाहेर बसलात तर काय बिघडेल?”

“पोरगी परक्याची हाय,” त्या म्हणाल्या. “काय कमीजास्त झालं, तर तिच्या आयबापास्नी मी काय सांगू? भायेर बसले व्हते म्हनून?”

यावर मी हात टेकले. मॅडम मात्र उठल्या आणि ठमाबाईंच्या दंडाला हलकेच धरून म्हणाल्या, “आजी, तुमचं बीपी कधी बघितलंय?”

“मला काय धाड भरलीय?”

“तेच बघू या,” असं म्हणत मॅडम त्यांना चालवत घेऊनही गेल्या. इतक्या वर्षांत मला एवढी साधी गोष्ट सुचली नव्हती. घरच्या माणसाला हाकलायचं नसतं, तपासायला न्यायचं असतं.

दार लागलं. वनिता तशीच बसून होती. मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, “ताई, काढा पट्टी. पन आत्याबाईंना वाचून दाखवू नका.”

“काय वाचून दाखवू नको?”

“त्यात दिसंल ते.”

“काय दिसेल त्यात?”

“काळजात हाय ते,” ती म्हणाली. “काळजाची पट्टी ना ही? मग काळजी दिसतीच की त्यात. आमच्या गावात सगळी म्हनतात, पट्टीत काय लपत नाय.”

खरं सांगते, हसू माझ्या ओठांवर आलं होतं. काळीज आणि काळजी! रेघेत ठोके दिसतात हे सांगायला मी तोंड उघडणार, एवढ्यात तिच्या चेहऱ्याकडे लक्ष गेलं. दोनदा दारातून परत गेलेली ही बाई. धडधडीपेक्षा तिला माझ्या कागदाची भीती जास्त होती. मी स्टूल ओढून बसले आणि विचारलं, “काय आहे गं काळजात?”

“विहिरीवर पान्याला जाते ना, तवा कळशी भरून झाली तरी मी हालत नाय. आत बगत उभी राहते. वाटतं, परत घरी कशाला जायाचं?”

“मग?”

“मग कोन तरी येतं. परवा शेजारची चंद्री आली. म्हनली, वनी, जरा हात लाव गं, डोक्यावर दे हंडा. मग दिला, आनि तिच्यासंगं आले घरी.” पुढं म्हणाली, “रोज चंद्री येती असं नाय.”

माझ्या हातातला चिमटा तसाच राहिला. कॅज्युअल्टीला लागून आयुष्य काढलेली मी, रक्ताला कधी भ्यायले नाही. पण त्या दिवशी भ्यायले. मी तिचा हात धरला आणि म्हटलं, “वनिता, पट्टीत हे काही दिसत नाही. फक्त ठोके दिसतात. हे तू सांगितलंस म्हणून कळलं.”

तिचे डोळे मोठे झाले. “दिसत नाय? मंग मी उगाच सांगितलं?”

“उगाच नाही. बरं केलंस सांगितलंस. लई बरं केलंस.” आणि मग ती रडली, म्हणून मीही थोडी रडून घेतली. मशीन बिचारं चिमटे लोंबकळत वाट बघत होतं.

मॅडम आल्या आणि तिच्याशी खूप वेळ बोलल्या. पट्टीही काढली, आरशासारखी स्वच्छ. वनिताला विचारून नवऱ्याला फोन लावला, तो रात्रीपर्यंत घरी येतो म्हणाला. सासूला सांगायचं की नाही, हेही मॅडमनी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “सांगा. पन तुमीच सांगा. आन् काळजात काय हाय ते नका सांगू, दुखनं काय हाय तेवढंच सांगा.”

ठमाबाईंना आत घेतलं तेव्हा त्या जरा हबकलेल्या होत्या, कारण त्यांचं बीपी चांगलंच वाढलेलं निघालं होतं. बुगड्या घालता घालता त्यांनी मला विचारलं, “काय निघालं पट्टीत?” इतक्या वर्षांच्या सवयीनं माझी जीभ ‘काय नाय’ म्हणायला वळलीच होती. मॅडम आधी बोलल्या. “आजी, हृदय चांगलं आहे. पण दुखणं आहे. मनाचं दुखणं आहे, ते खरं असतं आणि औषधानं बरं होतं. तिला वेळेवर इथं आणायचं. आणि सध्या तिला एकटीला कुठं पाठवायचं नाही. विहिरीवर तर नाहीच.”

ठमाबाई सुनेकडे बघत राहिल्या. विहिरीचं नाव का आलं, ते त्यांनी विचारलं नाही. मला वाटलं आता नाटकं-बिटकं काढतील. पण त्यांचा आवाज फुटला तो भलतीकडेच. “दुखनं हाय ना? मंग दोनदा आमाला काय नाय म्हनून परत कुनी लावलं? बोलवा त्याला! काय नाय म्हनल्यावर मी काय समजायचं? मी पोरीला नको नको ते बोलले की हो!” कॅज्युअल्टीचे डॉक्टर, चांगले सहा फूट उंच गृहस्थ, औषधांच्या खोलीत जाऊन इंजेक्शनं मोजत बसले ते ठमाबाईंची गाडी जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. पुढे मात्र त्यांनी ‘काही नाही’ म्हणणं सोडलं. ‘हृदय चांगलं आहे, आता बाकीचं बघू’ असं म्हणायला लागले.

त्यानंतर ठमाबाईंनी एकही तारीख चुकवली नाही. बाकावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला मोठ्या आवाजात सांगायच्या, “आमच्या सुनेला मनाचं दुखनं हाय. खरं दुखनं हाय, डागदरीनबाईनं सांगितलंय.” सुरुवातीला वनिता पदरात तोंड लपवायची. पुढं ठमाबाई गावातल्या इतर सुनांनाही हाताला धरून आणायला लागल्या आणि कागद पुढे आला की स्वतःच म्हणायच्या, “कर गं सही, जमिनीचं नाय.” मॅडमना त्यांना समजावून सांगावं लागलं, की अभ्यासात माणूस आपल्या राजीखुशीनं आला पाहिजे, मनगट धरून आणलेला चालत नाही. ठमाबाई म्हणाल्या, “राजीखुशीनं कोन दवाखान्यात येतंय?”

वनिताला उतार पडायला वेळ लागला. दोन पावलं पुढं, एक मागं, असं चाललं होतं. मग एकदा ती आली आणि बसल्या बसल्या सासूच्या कागाळ्या सुरू केल्या. आत्याबाई हे बोलतात, आत्याबाई ते बोलतात, भाजीत मीठ घालू देत नाहीत. मी काळजीत पडले. मॅडम मात्र खूश. “ताई, भांडायची ताकद आली. बरी होतेय ती.”

माझ्या निवृत्तीच्या थोडंच आधीची गोष्ट. सकाळची वेळ होती. वनिता ठमाबाईंना घेऊन आली. या वेळी पेशंट सासू. रात्रभर छातीत धाकधूक होत होती म्हणे. ठमाबाई खाटेवर आडव्या झाल्या, मी चिमटे घेतले, वनिता पायाशी उभी होती. इतक्यात ठमाबाई म्हणाल्या, “हिला भायेर जायला सांगा.”

“अगं बाई, आत्याबाई, मी काय परकी हाय का?”

“भायेर हो म्हनते ना!”

वनिता हसत बाहेर गेली. मी दार लावून फुगे चिकटवले. मशीन सुरू केलं तर रेघेला ही भली मोठी दाढी. मी म्हटलं, “आजी, हात सैल सोडा. घाबरताय कशाला?”

ठमाबाई वर छताकडे बघत होत्या. “ताई,” त्या म्हणाल्या, “घरात नळ हाय आमच्या. दारात येतं पानी.”

“बरं मग?”

“नळाचं पानी मला गोड लागत नाय. माज्या एकटीच्या कळशीसाठी मी तिला रोज विहिरीवर धाडायची.”

मशीन चालू होतं, कागद सरकत होता.

“ते दिसतं का पट्टीत?”

“नाही हो, आजी. ते नाही दिसत.”

“बग नीट. ती विचारील तुला, काय निघालं म्हनून.”

मी त्यांचं मनगट हातात धरून बसले. हळूहळू रेघ साफ झाली. पट्टी काढली, ठोके अगदी शिस्तीत पडत होते. फुगे काढले, जेली पुसली, पण ठमाबाईंना उठू दिलं नाही. दार उघडलं तर वनिता बाकावरून उठून आलीच. “काय निघालं, ताई?”

“हृदय चांगलं आहे गं,” मी म्हटलं. “पण त्यांना जरा वेळ लागेल. तू समोरून चहा पिऊन ये.” आणि मी शर्वरी मॅडमना हाक मारली.